हाळीवाल्याची व्यक्तिरेखा

शंकर रोकडेच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन डिसेंबरात झालं. पंधरा दिवस वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, खाली वाकायचं नाही असं बजावून डॉक्टरांनी त्याला घरी धाडलं. एकसष्ट वर्षांचा माणूस, रंगाची कंपनी बंद पडल्यापासून घरीच. अंबरनाथ पश्चिमेच्या दोन खोल्यांत काळा चष्मा लावून बसायचं म्हणजे त्याला शिक्षाच झाली. सकाळी नऊ वाजताच तो विचारायचा, "अंजना, किती वाजले?"

अंजनाला मात्र वेळ पुरत नव्हता. लग्नाआधी ती बारावी झाली होती. मग उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापण्यात पंधरा वर्षं गेली, पुढची दहा बालवाडीत. पोरगी अस्मिता नोकरीला लागली तशी तिने हट्टाने आईचा मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा फॉर्म भरला. आता त्रेपन्नाव्या वर्षी अंजना शेवटच्या वर्षाला होती आणि दर रविवारी शेअर रिक्षाने कॅम्प तीनच्या कॉलेजात मराठीच्या तासाला जात होती. शिकवायला हिमानी मॅडम. घरी सिंधी बोलणाऱ्या या बाई मराठी इतकं नेमकं बोलायच्या, की वर्गातले सगळे आपापलं बोलणं सावरून बसायचे.

अंजनाला मोठ्याने वाचल्याशिवाय डोक्यात काही राहत नसे. म्हणून नवरा कॉटवर आणि ती खिडकीशी पुस्तक घेऊन, असं रोज दुपारचं ठरूनच गेलं.

अभ्यासाला एक राजकीय रूपककथा होती. वर्गात सगळे तिला 'गलबताची कादंबरी' म्हणत. एक मोठं गलबत, खाली वल्ही मारणारे चाळीस जण आणि वर तांडेल, म्हणजे गलबताचा धनी. तांडेल कुणाला पोटभर जेवू देत नाही आणि किनारा कधी येणार तेही सांगत नाही. एक दिवस वल्हेकरी उठतात, तांडेलाला एका बेटावर उतरवतात, आणि त्यांच्यातलाच राघो नावाचा वल्हेकरी सुकाणू धरतो.

"म्हणजे युनियन," शंकर कॉटवरून म्हणाला.

"अहो, ऐका तर आधी."

शंकर ऐकू लागला. आयुष्यात त्याने कादंबरी अशी वाचली नव्हती. पत्रकं वाचली होती, पेपर वाचला होता, जयंतीच्या भाषणांसाठी बाबासाहेबांचे उतारे पाठ केले होते. पण या गोष्टीत तो गुंतला. राघो आधी सुकाणू धरून पाळी आली की वल्हंही मारतो. मग म्हणतो, सुकाणूवरचा हात थकला तर गलबत खडकावर जाईल, तेव्हा वल्हं नको. मग, वाऱ्याचा अंदाज घ्यायला झोप पुरी हवी, तेव्हा झोपायला तांडेलाची खोली हवी.

"प्रत्येक वेळी कारण बरोबर वाटतं बघ," शंकर म्हणाला. "हीच तर गंमत आहे."

चौथ्या दुपारी अंजनाने गोंदाचं प्रकरण वाचलं. गोंदा हा वल्हेकरी एका सकाळी सगळ्यांसमोर विचारतो, "हे बेट आपण तिसऱ्यांदा बघतोय. किनारा आहे तरी कुठं?" राघो रागावत नाही. तो फक्त म्हणतो, की गोंदाला जुना तांडेल परत हवाय. मग हात वर करायला सांगतात. हात वर होतात. गोंदाला एका लहान होडीत बसवून समुद्रात सोडतात. वल्ही एका तालात पडावीत म्हणून गलबतावर मोठ्याने हाळी देणारा एक जण असतो. राघो त्याच्याकडे नुसता बघतो. हाळीवाला हाळी देतो, सगळी वल्ही पाण्यात पडतात आणि होडी मागे मागे जाते.

अंजना पान उलटायला थांबली.

"झोपलात?"

"नाही. आज पुरे."

दुसऱ्या दिवशी तिने कादंबरी बाजूला ठेवून गाईड काढलं. रविवारी एक उत्तर लिहून न्यायचं होतं. प्रश्न होता, हाळीवाल्याच्या व्यक्तिरेखेचे विवेचन करा. तिने गाईडमधलं वाचलं, "हाळीवाला हा भोळ्याभाबड्या जनतेचे प्रतीक आहे. सत्तेचे खरे स्वरूप त्याला उमगत नाही."

"चूक आहे," शंकर म्हणाला.

"काय चूक?"

"भोळा नाही तो. त्याला सगळं माहीत होतं. बेट तिसऱ्यांदा आलं हे त्यालाही दिसलं होतं की. डोळे होते ना त्याला?"

"पुस्तकात तर तसं लिहिलेलं नाही."

"पुस्तकात नसेल. मला माहीत आहे."

अंजनाने गाईड मिटलं. शंकरने चष्मा काढला, मग डॉक्टरांची आठवण होऊन परत लावला. आणि जे वीस वर्षांत बोलला नव्हता ते त्या दुपारी बोलला.

कंपनीतला नव्व्याण्णव सालचा संप तिला माहीत होता. जुने युनियनवाले मालकाच्या खिशात होते. त्यांना हटवून पोरांनी नवी युनियन काढली. पुढारी होता संतोष पाटील, तेव्हा विठ्ठलवाडीच्या चाळीत यांच्या शेजारीच राहणारा. त्रेचाळीस दिवस गेटबाहेर मांडव होता आणि घोषणा द्यायला शंकर. त्याचा आवाज असा, की तो उठला की तीनशे माणसं उठायची. ते जिंकले. मग संतोषला बसायला ऑफिस मिळालं, गाडी आली. त्याच्या मेहुण्याला कंपनीत माणसं पुरवायचं कंत्राट मिळालं, आणि ज्या कंत्राटी पद्धतीविरुद्ध मांडव घातला होता तीच मागच्या दाराने आली.

"दोन हजार तीनला गेट मीटिंग होती," शंकर सांगत होता. "दौलतराव उभा राहिला. कंत्राट कोणाच्या नावावर आहे, एवढंच विचारलं त्याने. संतोष म्हणाला, हा मालकाचा माणूस आहे, याला युनियनमधून काढायचं का सांगा. हात वर झाले. मीपण केला."

"सगळ्यांनी केला असेल."

"सगळ्यांनी केला. पण नंतर संतोषने माझ्याकडे बघितलं. घोषणा मी दिली. गद्दारांना! आणि सगळे म्हणाले, बाहेर काढा! तीनदा. दौलतराव तिथेच उभा होता, इथून त्या दारापर्यंत असेल. दोन महिन्यांत मालकाने त्याला काढला. पाठीशी युनियन नव्हती ना."

दौलतराव भोईर अंजनाच्या चांगला लक्षात होता. बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा शेतकरी माणूस, शंकरहून सात-आठ वर्षांनी मोठा. अस्मिताच्या बारशाला बायकोला घेऊन आला होता.

"मला सांगितलं होतं, दौलतभाऊजींनी नोकरी सोडली."

"हो."

"मी दोनदा विचारलं होतं."

"हो. खोटं बोललो."

ती उठली, चहा ठेवला, त्याला दिला. स्वतःचा कप घेऊन मात्र ती दारात जाऊन उभी राहिली. संध्याकाळी तिने उत्तर लिहायला घेतलं तेव्हा एवढंच विचारलं, "हे लिहू का? नावं नाही घालत."

"लिही."

रविवारी ती तासाहून परतली तेव्हा शंकर वाटच बघत होता. त्याने नुसती मान वर केली.

"मॅडमना आवडलं. वर्गात वाचून दाखवलं त्यांनी," अंजना पिशवी ठेवत म्हणाली. "पण एक विचारलं. म्हणाल्या, हाळीवाल्याला सगळं कळत होतं हे तुमचं म्हणणं मला पटतं. मग पुढे तो काय करतो?"

"काय म्हणालीस?"

"पुस्तकात काहीच करत नाही, म्हटलं. शेवटपर्यंत हाळीच देतो."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. पण शंकरला त्या रात्री जेवण गेलं नाही.

जानेवारीत डॉक्टरांनी बाहेर फिरायला मोकळीक दिली. एका बुधवारी तो बदलापूरला उतरला आणि बारवीच्या रस्त्याला जाणाऱ्या टमटममध्ये बसला. पाड्याचं नाव आठवत होतं, घर माहीत नव्हतं. भात कापून झालेल्या शेतांत वाल उभा होता. दुकानावरच्या बाईला विचारलं तर तिने घरही न दाखवता सरळ शेताकडे हात केला.

दौलतराव वालाच्या शेंगा तोडत होता. केस पार पांढरे, पण पाठ ताठ. त्याने मान वर करून पाहिलं, शंकर जवळ येईपर्यंत तोडणं चालू ठेवलं, मग म्हणाला, "शंकर ना तू?"

"हो."

"चष्मा काला कशाला? पिच्चरमधे काम करतोस का?"

"ऑपरेशन झालं डोळ्याचं."

"बस मग सावलीत. ऊन नको."

दोघे बांधावरच्या आंब्याखाली बसले. दौलतरावने हाक मारली तशी घरातून सून पाणी घेऊन आली. तिने पाहुण्याकडे बघितलं, सासऱ्याकडे बघितलं आणि गेली. खालची दोन शेतं धरणाच्या पाण्यात गेली, वरची तेवढी राहिली, धाकटा अनीश बदलापूरला कुरिअरमध्ये आहे, असं दौलतराव सांगत राहिला. शंकरला मध्येच तोंड उघडायला फट सापडेना. शेवटी त्याने गलबतापासूनच सुरुवात केली. बायकोचा अभ्यास, तांडेल, राघो, गोंदा, सगळं सांगितलं.

दौलतराव लक्ष देऊन ऐकत होता. "मंग त्या होडीवाल्याचं काय झालं? बुडला?"

"लिहिलेलं नाही."

"लिवनाऱ्याला ठाऊक नसंल." त्याने एक शेंग सोलून दाणे तोंडात टाकले. "मी तर काय बुडलो नाय. दोन वर्षं वाईट गेली. बायको दुसऱ्याच्या शेतावर जायची, मी वीटभट्टीवर. मंग सवय झाली."

"दौलतदादा, ती घोषणा मी दिली होती."

"मला काय सांगतोस? मी काय बहिरा होतो?" दौलतरावचा आवाज चढला नाही. "तीनशे मानसांत तुझा आवाज कुनीपन वलखंल. संतोषचं मला काय वाटलं नाय. तो कुठं चाललाय ते मला दिसत व्हतं. तुझं वाटलं."

"माफी मागायला आलो."

"हितं?" दौलतरावने शेताकडे हात केला. "हितं कोन हाय ऐकायला? ह्ये वाल? तवा तीनशे जन होते, शंकर. बाजारात अजून कुनी जुना भेटला ना, तर हसतो, बोलतो, आन् मनात म्हनतो, हाच तो मालकाचा मानूस. माझ्या कानात येऊन सांगितलंस तर त्यांना काय कललं?"

निघताना दौलतरावने त्याला थांब म्हटलं नाही की परत ये म्हटलं नाही. "संभालून जा, रस्त्यावर खडी टाकलीय," एवढं मात्र म्हणाला.

घरी आल्यावर शंकरने अंजनाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरोबरच बोलले ते."

"आता तीनशे माणसं कुठून आणू?"

त्याला ती आणावी लागली नाहीत. आठवड्याभराने संतोषचाच फोन आला. संपाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून जुन्या कामगारांचा मेळावा घ्यायचा होता. अंबरनाथ पूर्वेला हॉल घेतला होता. "तुझ्या घोषणांशिवाय मजा नाय, शंकर. डोळा कसा आहे?"

हा डोळ्याचा प्रश्न शंकरला बोचला. सरकारी दवाखान्यात चार महिन्यांनंतरची तारीख मिळत होती, ती संतोषनेच एका फोनवर पंधरा दिवसांवर आणली होती. संतोष अडल्यानडल्याला धावायचा. कुणाच्या पोराचं ॲडमिशन, कुणाच्या आईचं रेशनकार्ड, तो नाही म्हणत नसे. वाईटच माणूस असता तर काम सोपं होतं.

"काय करू?" त्याने अंजनाला विचारलं.

"ते मी कसं सांगू? परीक्षा माझी आहे, पण हा प्रश्न तुमचा आहे."

मेळाव्याला दीडशे-पावणेदोनशे लोक आले होते. काही काठी टेकत, काही नातवंडांना घेऊन. स्टेजवर बाबासाहेबांचा आणि शिवाजी महाराजांचा फोटो, मागे संतोषचं मोठं बॅनर. भाषणं झाली, शाली झाल्या. मग निवेदन करणारा अल्पेश, संतोषचा भाचा, माईकवर ओरडला, "आता ज्यांच्या आवाजाने कंपनीचं गेट हललं होतं, ते शंकरकाका!"

टाळ्या पडल्या. शंकर स्टेजवर चढला. त्याने "कामगार एकजुटीचा" म्हटलं आणि हॉल "विजय असो" म्हणाला. दुसऱ्यांदा म्हटलं. सवयीने छाती भरून आली, आणि तिसऱ्यांदाही म्हणून खाली उतरावं असं त्याला अगदी मनापासून वाटलं. खालून लोक हसऱ्या तोंडाने वर बघत होते. अंजना मागच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. ती हसत नव्हती, खुणावतही नव्हती.

"एक घोषणा परत घ्यायची आहे," शंकर म्हणाला.

लोकांना वाटलं, परत म्हणायची आहे. कुणीतरी "हो, हो!" म्हणालं.

"दौलतराव भोईर आठवतात का? दोन हजार तीनची गेट मीटिंग. मी त्यांना गद्दार म्हणालो. तुम्ही माझ्यामागून म्हणालात. दौलतराव मालकाचे माणूस नव्हते. त्यांनी कंत्राट कोणाचं एवढंच विचारलं होतं, आणि ते कोणाचं होतं हे मला त्या दिवशीपण माहीत होतं. घोषणा खोटी होती. ती मी मागे घेतो."

मागच्या बाजूला जेवणाची ताटं मांडत होते, त्यांचा आवाज मोठा वाटू लागला. पहिल्या रांगेतले दोघे-तिघे मान खाली घालून बसले. एक जण उठून बाहेर गेला. कोपऱ्यातून एका म्हाताऱ्याने टाळी वाजवली, पण दुसरी कुणी न वाजवल्यामुळे तीही थांबली.

संतोष खुर्चीतून उठला आणि हसत माईक घेतला. "शंकर जरा भावुक झाला. जुने दिवस आठवले की होतं असं. चला, जेवण तयार आहे, गरम आहे तोपर्यंत घ्या."

लोक सुटल्यासारखे जेवणाकडे वळले. शंकर-अंजनाच्या टेबलाशी फारसं कुणी आलं नाही. पॅकिंग खात्यातला एक जुना माणूस मात्र ताट घेऊन समोर बसला आणि म्हणाला, "माझा हातपण वर होता रे." मग तो भात कालवत राहिला.

निघताना चपला शोधताना संतोष भेटला. आता तो हसत नव्हता.

"मला आधी बोलायचं होतंस, शंकर."

"बोललो असतो तर तू थांबवलं असतंस."

संतोषने क्षणभर विचार केला. "हो," तो म्हणाला. "थांबवलं असतं." आणि गाडीकडे गेला.

कुणीतरी मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ रात्रीतून जुन्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. दोघांनी अंगठा टाकला, एकाने लिहिलं, "वीस वर्षं कुठे होता?" शंकरने ते अंजनाला वाचून दाखवलं. दोघांनाही त्यात खोटं काही दिसलं नाही. आठ दिवसांनी त्याला ग्रुपमधून काढल्याचा मेसेज आला. संतोषचा फोन पुन्हा आला नाही. उजव्या डोळ्याची तारीख शंकरने स्वतः रांगेत उभं राहून घेतली, पाच महिन्यांनंतरची मिळाली.

बारवीकडून काहीच कळलं नाही. शंकर महिनाभर फोन वाजला की बघायचा, मग बघायचं सोडलं. अंजनाची परीक्षा झाली. हाळीवाला आलाच नाही, राघोवर प्रश्न आला. तोही तिने चार पानं लिहिला.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी दारात दौलतरावचा अनीश उभा राहिला. शंकरने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण कपाळावरून ओळखलं. पोरगा आत आला नाही. पत्रिका देऊन म्हणाला, "ताईच्या मुलीचं लग्न आहे. बाबांनी दोघांना बोलावलंय."

"बाबांनी तो व्हिडिओ बघितला का रे?" अंजनाने विचारलं.

"बघितला. दोनदा लावायला सांगितला मला."

"काय म्हणाले?"

"काय नाय. म्हणाले, पत्रिका पोचव."

लग्नाला दोघे गेले. मांडवात गर्दी, ऊन मी म्हणत होतं. दौलतराव नव्या टोपीत इकडून तिकडे पळत होता. यांना बघून त्याने लांबूनच हात केला आणि कामात परत बुडाला. बऱ्याच वेळाने आला, शंकरचा दंड धरून त्याला पाहुण्यांत घेऊन गेला. तिथे व्याही बसले होते.

"ह्यो शंकर," दौलतराव म्हणाला. "माझ्या कंपनीतला."

"कुठली कंपनी?" व्याह्यांनी विचारलं.

"रंगाची. अंबरनाथला." दौलतरावने शंकरला खुर्ची ओढून दिली. "बस. ह्यांना सांग तू. मला वाढप्याकडं बघायचंय."

शंकर बसला. व्याही हात पुसत त्याच्याकडे वळले, आणि तो त्यांना कंपनीबद्दल सांगू लागला.